गच्चीवरून हाक

वारज्याच्या मैत्रबन सोसायटीत उजाडायचं सगळ्यांसारखंच, पण उजाडलं असं जाहीर करायचे ते दिगंबरराव. उन्हं जरा वर आली की गच्चीच्या कठड्याशी उभे राहून ते खणखणीत आवाजात हाक मारायचे.

"उत्तरेश्वर, चालू दे रे!"

"जी काका!" असं तळमजल्यावरून उत्तर यायचं आणि पाठोपाठ पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायला लागायचा.

आता खरं सांगायचं तर या हाकेची काडीइतकी गरज नव्हती. गच्चीवर सोसायटीने सौर पॅनेल बसवली होती. त्यांची वीज आपली आपण तारेतून खाली यायची, सगळ्या घरांना आणि खालच्या दुकानांना वाटली जायची. उरली तर वीज बोर्डाकडे, कमी पडली तर बोर्डाकडून. यात ओरडायचं काय कारण? पण दिगंबररावांना सांगणार कोण! सूर्याचं बटण आपल्याच खिशात असल्याच्या थाटात ते हाक मारायचे, आणि निलंग्याकडून पोटासाठी पुण्यात आलेला उत्तरेश्वर ती हाक येईपर्यंत गिरणीच्या बटणाला हात लावायचा नाही. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दिगंबररावांच्या बायको, श्यामलाबाई, रोज ती हाक ऐकायच्या आणि हसू दाबत पोळी उलटायच्या.

ही गच्चीवरची वीज आणली त्यांच्या मुलाने, केदारने. हा खराडीच्या आयटी कंपनीत. वारजे ते खराडी म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. अर्धं आयुष्य त्याचं सिग्नलवर चाललं होतं. तिथेच उभं राहून त्याला हे सुचलं असावं. सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे, वीज सगळ्यांची. ज्या सोसायटीत जिन्याला कुठला रंग द्यायचा यावरून माणसं महिनोन् महिने एकमेकांशी बोलत नव्हती, तिथे हे मंजूर झालं हाच मुळात चमत्कार. दुकानांनाही घ्यायचं का, यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी दिगंबरराव, अध्यक्ष म्हणून, म्हणाले, "सूर्य भाडेकरूंवर पडत नाही असं कोणाला सिद्ध करता येत असेल तर त्यांना वगळू." झालं, दुकानं आत आली! उत्तरेश्वरनेही आपला वाटा भरला. बोर्डाच्या दराने गिरणी चालवून तो इतका मेटाकुटीला आला होता की बिऱ्हाड आवरून गावाकडे निघायच्याच बेतात होता. गच्चीवरच्या विजेने त्याला इथे धरून ठेवलं.

आणि दिगंबररावांनाही तिनेच धरून ठेवलं. ते एकट्या श्यामलाबाईंनाच माहीत होतं.

योजना मंजूर झाली आणि लगेचच दिगंबररावांची बायपास झाली; त्यानंतर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची धरली ती धरलीच. बँकेत असताना ज्याच्या नुसत्या खाकरण्याने कारकून फायली उघडायचे, तो माणूस चहा पुढे केला तर "ठेव" म्हणायचा आणि चहा तसाच गार व्हायचा. भांडण नाही, टोमणा नाही. पुण्यातल्या माणसाने टोमणे मारायचं सोडलं म्हणजे काय समजायचं? डॉक्टर म्हणायचे, सगळं ठीक आहे, हळूहळू जिने चढू द्या. अहो, पण चढून जाणार कुठे? माणसाला वर काही काम नको?

ते काम मिळालं. पॅनेल बसवणारा सांगून गेला होता, "अधूनमधून साध्या पाण्याने धुवत जा." पावसाळाभर पावसानेच धुतली. दसऱ्यानंतर पाऊस थांबला तसे दिगंबरराव उठले, म्हणाले, "मी बघतो." ज्यांनी जन्मात स्वतःची कपबशी विसळली नव्हती त्यांनी लांब पाइप आणला, पायजमा दुमडला आणि रोज सकाळी गच्ची गाठायला लागले. पहिल्या दिवशी खाली आले ते घामाने निथळत, आणि दारातूनच म्हणाले, "या घरात पोहे मिळतात, की तेही आता मोबाइलवरून मागवायचे?"

श्यामलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. इतक्या महिन्यांनी घरात टोमणा ऐकू आला होता!

"एकदा वर येऊन बघ तरी," ते रोज म्हणायचे. "काय चकाकतात!"

"माझे गुडघे कोण वर आणणार?" त्या म्हणायच्या. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच होती.

असं सगळं छान चाललेलं असताना केदारच्या मोबाइलवरची रेघ खाली यायला लागली. कुठल्या दिवशी किती वीज झाली ते त्याला त्यात दिसायचं. एका संध्याकाळी तो मोबाइल नाचवतच घरात आला.

"बाबा, हे बघा. दसऱ्यापर्यंत एकदम स्टेबल. आणि त्यानंतर? रोज थोडं थोडं डाऊन!"

रविवारी तो गच्चीवर गेला. पॅनेलवरून बोट फिरवलं, तर काचेवर पांढरट थर. गच्चीवरून खाली वाकून बघितलं, तर थेट खाली कोण? उत्तरेश्वरची गिरणी! दिवाळीच्या भाजणीसाठी त्याने दुसरं जातं बसवलं होतं तेही याच सुमाराला. झालं. केदारने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'पीठ'.

मग काय विचारता! कोणी लिहिलं, 'पॅनेलवर आता थालीपीठ लावायचंच बाकी आहे.' कोणी लिहिलं, 'आमच्या दारच्या रांगोळीचाही खुलासा झाला.' सेक्रेटरी शैलाताईंनी तर नोटीसच लावली. येत्या रविवारी पार्किंगमध्ये सभा. विषय, गिरणीला योजनेतून वगळणे.

उत्तरेश्वर कोणाशी भांडला नाही. त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता की पीठ आपलंच. त्याने गिरणीचा धूळ बाहेर टाकणारा पंखा बंद केला, भोकाला पोतं कोंबलं आणि आत पांढरा होऊन, खोकत खोकत दळत राहिला. दिगंबररावांनी तर चंगच बांधला. सकाळी धुवायचेच, आता संध्याकाळीही धुवायला लागले. पीठ साचू देणार नाही म्हणजे नाही! पण जितकं धुवावं तितकी रेघ खालीच. आणि ती हाक बंद झाली. ज्याला वगळायची सभा आपण चालवणार, त्याला कुठल्या तोंडाने 'चालू दे रे' म्हणायचं? उत्तरेश्वर रोज गिरणीबाहेर यायचा, मान वर करून जरासा थांबायचा, आणि मग आत जाऊन मुकाट बटण दाबायचा. श्यामलाबाईंना ते खिडकीतून दिसायचं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी उत्तरेश्वरची बायको, गोदाबाई, ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन वर आली. एरवी ही बाई दारातच बसकण मारून गावाकडच्या दहा गोष्टी सांगायची. आज डबा ठेवला आणि उभीच राहिली.

"काकू, आजून काय दळण आसंल तर आजच द्या."

"अगं, घाई काय आहे?"

"उद्याचं काय सांगावं?" गोदाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे म्हंतेत, काकांनीच आपल्याला आत घेतलं व्हतं, आता काकांनीच बाहेर जा म्हणलं तर गुमान जायाचं. काकाला वाईट वाटंल आसं काय बोलायचं न्हाई."

ती गेली. श्यामलाबाईंनी डबा उचलून ओट्यावर ठेवला.

संध्याकाळी दिगंबरराव गच्चीवरून खाली आले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "मोतीबिंदू झालाय बहुतेक. सगळं धूसर दिसतं."

"बघू तो चष्मा."

जाड काचांचा तो चष्मा श्यामलाबाईंनी पदराने पुसला. डाग गेले नाहीत. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसला. छे! बारीक बारीक पांढरे ठिपके, काचेला धरून बसलेले. पाइपचं पाणी उडून वाळलेलं असणार. त्यांनी नखाने खरवडून बघितलं आणि त्यांचा हात एकदम थांबला.

हे डाग त्यांना चांगले ओळखीचे होते. लग्नानंतर पेठेतलं घर सोडून इथे राहायला आल्यापासून त्या या डागांशी भांडत होत्या. संडासातल्या नळावर, बादलीच्या कडेला, फरशीवर. बोअरचं पाणी! पीठ काय, फुंकर मारली तरी उडतं. हे उडत नाही, पुसलं जात नाही. याला लिंबूच लागतं.

त्यांनी ओट्यावरची लिंबाची फोड घेतली आणि एका काचेवरून फिरवली. काच लख्ख झाली.

आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. कारण गच्चीवर बोअरच्या पाण्याचाच नळ होता आणि त्याच पाण्याने धुवायचं हा हट्ट दिगंबररावांचाच. "खडकवासला धरणाचं पाणी माणसांनी प्यायचं असतं, काचांनी नाही," असं त्यांनी सगळ्यांना ठणकावलं होतं. फडक्याने पुसून ओरखडे पडू नयेत म्हणून ते पाणी तसंच उन्हात वाळू द्यायचे. रोज नवा थर! आणि पीठ म्हणून धसका घेतल्यापासून दिवसातून दोनदा.

एवढ्या मायेने केलेलं काम, आणि त्यानेच सगळं बिघडवलं. हे त्यांना सांगायचं? श्यामलाबाईंनी बाहेर बघितलं. दिगंबरराव हाशहुश करत मोजे काढत होते, कानाशी वाळलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ. पलीकडे खिडकीजवळ ती खुर्ची. हे कळलं की हा माणूस त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि परत उठायचा नाही. गप्प बसावं झालं. उद्या सभा होईल, गिरणीवाला जाईल, जगात रोज कितीतरी माणसं जातात. आपलं माणूस तेवढं चालतं-बोलतं राहू दे. हो, आला त्यांच्या मनात हा विचार. का नाही येणार? पण ओट्यावर तो पिठाचा डबा होता. 'काकाला वाईट वाटंल आसं काय बोलायचं न्हाई.' ज्यांचं बिऱ्हाड उठायची वेळ आलीय त्यांनी हे म्हणावं, आणि आपण तोंडात मिठाची गुळणी धरून बसावं?

त्या उठल्या. दुसरी काच तशीच ठेवून चष्मा नवऱ्याच्या हातात दिला.

दिगंबररावांनी तो घातला. एक डोळा मिटला, मग दुसरा.

"हे काय? एकच काच पुसलीस?"

"दुसरी पदराने पुसली. निघत नाही."

"आणि ही कशाने निघाली?"

"लिंबाने," श्यामलाबाई खालमानेने म्हणाल्या. "संडासातल्या नळावरचं काढते ना, तसं."

दिगंबररावांनी पुन्हा एक डोळा मिटला, पुन्हा दुसरा. मग ओट्यावरची ती लिंबाची फोड उचलली आणि अनवाणीच जिना चढून गेले. परत आले तेव्हा फोड पार पिळून गेली होती.

"एवढीशी जागा घासली," त्यांनी हाताने दाखवलं. "त्यात माझं तोंड दिसलं."

"अहो, तो पॅनेल बसवणारा नुसतं साधं पाणी म्हणाला होता. तुम्हाला तरी कसं कळणार..."

"श्यामला, माझी वकिली करू नकोस," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. त्या रात्री ते जेवले, पण पानात काय वाढलंय ते त्यांनी बघितलंही नाही.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. केदारने मोठा कागद लावून रेघ कशी पडली ते समजावून सांगितलं. उत्तरेश्वर आणि गोदाबाई सगळ्यांच्या मागे, खांबाशी उभे. मग दिगंबरराव उठले.

"आरोपी सापडलेला आहे," ते म्हणाले. "तो तळमजल्यावर राहत नाही. चौथ्या मजल्यावर राहतो, पेन्शन खातो आणि दुर्दैवाने या सभेचा अध्यक्षही तोच आहे."

कोणालाच कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, उन्हात वाळवणं, लिंबू. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. सांगून झाल्यावर सरळ मागे खांबापर्यंत चालत गेले आणि उत्तरेश्वरपुढे हात जोडले.

"तुला मी फार त्रास दिला रे. खोकतोस किती! आधी त्या पंख्यातलं पोतं काढ."

उत्तरेश्वर कावराबावरा झाला. त्याने काकांचे जोडलेले हात आपल्या पांढऱ्या हातांत धरले. "आवं काका, काय करताव हे! मलाबी पीठच वाटलं व्हतं की!"

शैलाताई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "म्हणजे आता वगळायचं कोणाला?" सगळे हसले आणि विषय मिटला. गिरणी राहिली. श्यामलाबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच केदार उठला. ओशाळला होता बिचारा. भरपाई करायला गेला आणि नेमका नको तिथे घाव घातला.

"मी सुचवतो की क्लीनिंगचं काम एजन्सीला देऊ. त्यांच्याकडे प्रॉपर मशीन असतं. बाबांना या वयात उगाच त्रास नको."

"बरोबर आहे," दिगंबरराव लगेच म्हणाले. "देऊन टाका." आणि खिशातून गच्चीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

सोमवारी सकाळी उन्हं चढली, केदार खराडीला गेला आणि दिगंबरराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. श्यामलाबाईंनी चहा पुढे केला.

"ठेव," ते म्हणाले.

श्यामलाबाई तिथेच थांबल्या. चहावर साय धरेपर्यंत थांबल्या. मग मात्र त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी शैलाताईंचं दार वाजवून किल्ली मागून आणली, टोपलीतली होती नव्हती तेवढी लिंबं पदरात घेतली, जुना पंचा खांद्यावर टाकला, स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली भरली आणि जिन्याकडे निघाल्या. पहिल्याच पायरीवर गुडघ्यातून कळ आली. दुसऱ्या पायरीवर पाणी हिंदकळून साडी भिजली.

"अगं ए, वेड लागलंय का तुला?" मागून आवाज आला. दिगंबरराव दारात उभे होते. "गुडघ्यांचं निमित्त सांगून चार वर्षांत पर्वती चढली नाहीस, आणि आता बादली घेऊन कुठे चाललीस?"

"तुम्ही चहा प्या," श्यामलाबाई मागे न बघता म्हणाल्या. "मला माझी वीज धुवायची आहे. एजन्सी येईल तेव्हा येईल."

"आण ती बादली इकडे! सांडतेस किती! खडकवासल्याचं पाणी आहे ते, फुकट नाही आलेलं."

वर पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती. श्यामलाबाईंनी पहिल्यांदा ती पॅनेल बघितली. पांढुरकी, सगळीकडे ओघळ, आणि मधे एका कोपऱ्यात हातभर जागा निळी, चकचकीत. त्यांनी लिंबं चिरली. त्या घासायच्या, दिगंबरराव ओल्या पंचाने पुसून काढायचे. आधी मुकाट्याने, मग हळूहळू "इथे राहिलं", "दाबून घास की जरा, भिंत नाही ती", असं सुरू झालं. श्यामलाबाईंनी खाली बघून घासणं चालूच ठेवलं. त्यांना इतकं बरं वाटत होतं की वर बघायची भीती वाटत होती.

पहिली रांग निळी झाली तसा दिगंबररावांनी पंचा पिळला. सवयीने पाय कठड्याकडे वळले, आणि चालता चालताच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही."

श्यामलाबाई गुडघ्यावर हात ठेवत उठल्या आणि कठड्याशी गेल्या. खाली गिरणीच्या दारात उत्तरेश्वर उभा होता. खांद्यावर फडकं, मान वर. रोजच्यासारखा जरासा थांबलेला.

"तो बघतोय वर," त्या म्हणाल्या. "मारा हाक."

दिगंबररावांनी मान हलवली. "मला कसली हाक मारायला तोंड आहे, श्यामला!"

श्यामलाबाई जन्मात कधी चारचौघांत मोठ्याने बोलल्या नव्हत्या. भाजीवाल्याला थांबवायचं तरी टाळी वाजवायच्या. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, खाली वाकल्या आणि होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडल्या,

"उत्तरेश्वरा, चालू दे रे!"

आवाज चिरकला. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. खाली उत्तरेश्वरने दोन्ही हात वर केले.

"जी काकू!" त्याचा आवाज आला, आणि त्याच्याही मागून गोदाबाईचा, "जी काकू!"

गिरणीचा पट्टा फटफटायला लागला. त्याची थरथर चार मजले चढून कठड्यातून श्यामलाबाईंच्या हातात आली. त्यांनी वळून बघितलं. दिगंबरराव पाठ करून उभे होते.

"अध्यक्षांना न विचारता हाका मारायच्या नसतात," ते तसेच पाठमोरे म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी तो मागे धरला. "बघ गं, परत डाग पडलेत."

श्यामलाबाईंनी लिंबाकडे हात नेला, पण चष्मा घेऊन बघितला आणि लिंबू खाली ठेवलं. हे डाग ओले होते; पदराने पुसले आणि गेले.